सोयाबीनमधली रिव्हर्स

सकाळी पावणेदहाला शेजारच्या जानरावांच्या अंगणातून पहिला 'टक्' ऐकू आला. दहापर्यंत मी एकोणीस मोजले. तोवर गाडीभोवती सहा माणसं जमली होती, सल्ले अकरा झाले होते आणि बोनट कोणीच उघडलं नव्हतं.

गाडी जानरावांच्या मुलाची, गणेशची. तो सकाळीच मोटारसायकलने शेलूबाजारला आपल्या दुकानावर गेलेला. स्टीअरिंगवर बसली होती त्याची बायको, साधना. बारा वाजता वाशिमला तिची पक्क्या लायसनची टेस्ट, आणि सहा महिन्यांच्या कच्च्या लायसनचा आज शेवटचा दिवस. आज हुकलं की सगळं पहिल्यापासून. पुन्हा अर्ज, पुन्हा काचेवर लाल एल, आणि मुख्य म्हणजे पुन्हा बाजूच्या सीटवर सासरा. कारण लायसन असलेला रिकामा माणूस घरात तेवढा एकच. सुनेला गाडी आपण शिकवली असं जानराव गावभर सांगत. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की ती गाडी चालवतेय आणि हे दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसलेत.

"गाडीलेच मंजूर नाही, तं आपण काय करावं?" जानराव म्हणाले. चेहरा दुःखी होता, पण मनातून जरा बरंही वाटत असावं.

गोपीचंद एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. त्याने टायरला लाथ मारून पाहिली. "बॅटरी बसली, भाऊ. धक्का मारा, सुरू होते."

"धक्का कुठून मारता?" साधनाच्या सासूबाई, कस्तुराबाई, अंगण झाडायचा फडा घेऊन पुढे आल्या. "माह्या सोयाबीनवरून?"

घरापासून फाटकापर्यंत सोयाबीन वाळत पसरलेलं. कुंपणाच्या कडेने गाडीपुरती एक पट्टी मोकळी, तीही कस्तुराबाईंनी मेहरबानी म्हणून सोडलेली.

"अन् काका," साधना आतूनच म्हणाली, "धक्क्यानं सुरू झाली न तिथं जाऊन बंद पडली, तं काय साहेबाले धक्का माराले लावू?"

गोपीचंद बाजूला झाला. बारावा सल्ला यायच्या आत साधनाने शेलूबाजारच्या संघदीप मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"ताई, रडू नका," संघदीप म्हणाला.

"मी कुठं रडून राह्यली?"

"सकाळच्या पारी सगळेच रडतेत, म्हणून आधीच सांगतो. फोन बोनटजवळ धरा कोणीतरी. मारा सेल."

गोपीचंदने फोन धरला, साधनाने चावी फिरवली. टक्.

"एकच टक्. लय टकटक नाही करत ना? बरं, हेडलाइट लावा न पुन्हा मारा. समोरच्यानं सांगा, लाइटचं काय होते ते."

समोर जानराव होते. "विझते. सोडला की पुन्हा येते, फकफकीत!"

"फकफकीत येते म्हंजे बॅटरीत जीव हाय. तिच्यातून निघाले वाट नाही भेटून राह्यली. बोनट उघडा, टर्मिनल हलवून पाहा."

"टर्मिनलले हात नको लावू!" जानराव एकदम ओरडले. "करंट लागन!"

"बारा व्होल्टचा काय करंट लागते, मामाजी?" साधना खाली उतरली. बोनट उघडून तिने वायरीची पकड हलवली, तर लाल वायरीची पकड बॅटरीच्या खुंटीवर सैल बांगडीसारखी फिरली.

"हलते!"

"मंग हेच दुखणं," संघदीप म्हणाला. "चावी काढा. दहाचा पाना घ्या. आधी काळी वायर सोडा, मंग लाल. खुंटी न पकड पॉलिश पेपरनं घासा, लावताना आधी लाल, मंग काळी, न कसून आवळा."

पाना डिक्कीत होता. साधनाने काळी सोडली, मग लाल. लाल पकड वर येताच तिच्या आतून काहीतरी तपकिरी, चुरगळलेलं खाली पडलं. तिने ते तळहातावर घेतलं.

"काय निघालं, ताई?"

"पान."

"कायचं पान?"

साधनाने निरखून पाहिलं. "आपट्याचं."

दसऱ्याला चार दिवस झाले होते. सगळ्यांनी कस्तुराबाईंकडे पाहिलं, कारण घरातली पूजा त्यांची.

"माह्याकडे काय पाहता?" त्या म्हणाल्या. "मी तं हळदकुंकू बाहेरूनच लावलं. मले त्याचं झाकण उघडता येते का?"

झाकण उघडता येणारा माणूस शांतपणे कुंपणावरचा वेल पाहत उभा होता.

"मामाजी?"

"वरतं ठेवलं तं वाऱ्यानं उडून जाये," जानराव वेलालाच म्हणाले. "म्हणून नट ढिला करून दाबलं तिथं. मंग पाना कुठं ठेवला तेच सापडेना, तं हातानंच आवळला."

"पण काहून?"

"काहून म्हंजे? तुही टेस्ट होती ना!"

फोनमधून संघदीप हसल्याचा आवाज आला. अंगणातल्या बाकी कोणाला हसायला वावच मिळाला नाही, कारण साधनाच हसायची थांबेना आणि तिच्या हातातून पाना दोनदा पडला.

खुंटी घासून चकचकीत झाली, नट कसला गेला. चावी फिरवली, तर टक् झालंच नाही. गाडी सरळ गुरगुरली. दहा वाजून पंचवीस मिनिटं.

आता मागे फाटकापर्यंत ती पट्टी. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, आणि सोयाबीनच्या राखणीला कस्तुराबाई, फडा उगारून. जानराव बाजूला बसले आणि त्यांनी डॅशबोर्ड धरला. साधनाने मान वळवून गाडी मागे घेतली, इंच इंच. आम्ही सहाजण हातानेच 'या, या' करत. फाटकाबाहेर गाडी गेल्यावर कस्तुराबाईंनी वाकून पट्टी तपासली. चार दाणे चिरडले होते.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते.

चार वाजता गाडी हॉर्न वाजवत परतली. जानराव आधी उतरले.

"पास! रिव्हर्स पाहून साहेब म्हणे, ताई, कुठं शिकल्या? मी सांगितलं, आमच्या सोयाबीनमधे."

"अन् पान?" गोपीचंदने विचारलं.

जानरावांनी खिशावर हात ठेवला. साधना काचेवरचा लाल एल नखाने खरवडत होती.

"उद्यापासून," ती सासूकडे पाहत म्हणाली, "बाजूच्या सीटवर आत्याबाई बसतीन."

कस्तुराबाई सोयाबीन गोळा करायच्या थांबल्या. "मंगरूळले माह्या बहिणीकडे नेशीन का वं?"

"नेतो ना. मामाजी घरी सोयाबीन राखतीन."