तक्त्याची खालची ओळ

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. या घरातली आई माझ्यात कुठेच नाही, हे ज्या दिवशी सगळ्यांना कळलं, त्याच दिवशी मला भिकार म्हटलं गेलं. म्हणून गोष्ट तिथूनच सांगतो.

आईला जाऊन थोडेच आठवडे झाले होते. लेकीने मला कपाटातून काढलं, चार्जर शोधला आणि वायर टीव्हीला जोडली. तिचे बाबा समोरच्या खुर्चीत येऊन बसले. घराला लागूनच त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो.

लेक शेवटाकडून एकेक चित्रण लावू लागली. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसली. खिडकीची जाळी दिसली, एकदा उन्हात आणि एकदा ढगाळ हवेत. भिंतीवर बसलेला पतंग दिसला, त्याच्या पंखांवरची भुकटीसुद्धा दिसली. लेकीचे शाळेचे बूट दिसले. त्यांची शिवण अगदी स्वच्छ होती, पण घोट्याच्या वर लेक नव्हती. आईचा आवाज तेवढा एकदा आला.

"अहो, मी येऊ का त्यात?"

"थांब जरा. आधी उजेड बघतो."

टीव्हीवर पुन्हा पाण्याची टाकी आली. मग चष्मेवाले म्हणाले, "कॅमेराच भिकार निघाला."

मी भिकार. मित्रांनो, राग येणार नाही तर काय होईल? मला जे दाखवलं ते मी टिपलं. जे माझ्यासमोर कधी उभंच केलं नाही, ते मी आणू कुठून?

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथे तोंडाला फडकं बांधलेल्या बायकांनी माझी भिंगं हळुवार हातांनी बसवली. मला बोटाचाही धक्का लागू दिला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फुल एचडी' लिहिलं. हसणारी, धावणारी, केक कापणारी माणसं टिपायला मी निघालो आहे, असंच मला वाटत होतं. खोक्यावर चित्रही तसंच होतं.

मग एका दुकानाच्या काचेच्या टेबलावर मला ठेवलं. शेजारी माझे दोन भाऊबंद होते. चष्मेवाले आणि आई आम्हाला बघायला आले. बाकीची गिऱ्हाइकं कॅमेरा हातात घेऊन एकमेकांची तोंडं टिपून बघायची. चष्मेवाले मात्र काखेत गुंडाळी घेऊन आले होते. डोळे तपासताना भिंतीवर लावतात ना, वर मोठी अक्षरं आणि खाली मुंगीएवढी, तो तक्ता होता तो. त्यांनी तो आईच्या हातात दिला आणि तिला दाराशी उभं केलं.

"वर धर. अजून वर. हनुवटीवर नको, नाकापर्यंत आण."

"अहो, मी दिसत नाही मग."

"तू नाही, अक्षरं दिसली पाहिजेत."

आम्हा तिघांपैकी कोणी किती लांबून खालची ओळ वाचली ते त्यांनी पाहिलं. झूम पाहिला. उजेड कमी करायला दुकानदाराला दिवे बंद करायला लावले. हात मुद्दाम हलवून चित्र किती थरथरतं ते पाहिलं. दुकानदार बिचारा कंटाळून स्टुलावर बसला. आईचे हात भरून आले. तिने तक्ता खाली ठेवून माझ्या शेजारचा छोटा कॅमेरा उचलला. तो झाकण उघडताच चालू व्हायचा, आणि तिच्या मुठीत नीट बसला होता.

"हाच घेऊ या. पोरगी हसली की तेवढ्यात टिपता येईल. हा मोठा जागा होईपर्यंत ती रडायला लागेल."

दुकानदार हसला. मला ते लागलं, पण ती खोटं बोलत नव्हती. मला जागं व्हायला वेळ लागतो.

चष्मेवाले म्हणाले, "त्याची खालची ओळ फुटते."

"घरी कोण वाचणार आहे तुमचा तक्ता?"

माझी ओळ फुटत नव्हती, म्हणून मला घेतलं.

घरी पहिले काही महिने माझं फार कौतुक झालं. पाहुण्यांना माझा झूम दाखवला जायचा. शेजाऱ्याने नवा कॅमेरा आणला की मला त्याच्याशी लढवायचे, आणि त्या लढाईत पुन्हा पाण्याची टाकीच टिपली जायची. आई मला हात लावायला धजायची नाही, कारण भिंगावर बोट उमटेल. लेकीच्या लग्नात तरी मला बाहेर काढतील, असं वाटलं होतं. तिथे धूळ फार, म्हणून भाड्याचा कॅमेरावाला बोलावला. त्याने मंडपाची फुलं आणि जेवणाऱ्यांचे घास टिपले. पाहुण्यांचं ताट वाढणारी आई त्यालाही सापडली नाही.

आता त्या दिवसाकडे परत येतो. लेकीने शेवटी माझं सगळ्यात पहिलं चित्रण लावलं. दुकानात घेतलेली ती चाचणी होती. तक्ता दिसला, कडेला आईची बोटं. खालची ओळ लख्ख. मग हात भरून आले म्हणून आईने तक्ता खाली घेतला आणि ती हसत दोन पावलं पुढे आली. पण चष्मेवाल्यांनी फोकस तक्त्याच्या अंतरावर पक्का करून ठेवला होता. पुढे आलेली आई धुरासारखी आली. हसते आहे एवढं कळत होतं. डोळे, ओठ काही कळत नव्हतं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते उठून दुकानात गेले आणि भिंगांची पेटी घेऊन आले. नंबर तपासताना नाकावर ठेवतात ती जड फ्रेम त्यांनी स्वतःच्या नाकावर ठेवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. लेकीला म्हणाले, "पुन्हा लाव." तिने लावलं. पुन्हा भिंग बदललं.

"बाबा, नंबर डोळ्याचा असतो. चित्राचा नसतो."

"मला शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि पुढचं भिंग घातलं.

गल्लीतल्या कितीतरी लोकांचं धूसर जग या माणसाने स्वच्छ करून दिलं आहे. आणि माझा राग खरा असला, तरी त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कॅमेरा घ्यायला जाल. जरूर तुलना करा. झूम बघा, उजेड बघा, वजन बघा. पण समोर तक्ता धरू नका. ज्याला टिपायचं आहे त्यालाच उभं करा आणि तो मनासारखा दिसला की तो कॅमेरा घ्या. आणि आम्हाला जपा म्हणजे कपाटात ठेवा असं नाही. आमच्यावर बोटं उमटू द्या.

लेकीने आता मला टेबलावर ठेवलं आहे, तोंड बाबांच्या खुर्चीकडे करून. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीही यात कुठेच नाही. बसा समोर."

ते म्हणाले, आता याहून चांगले कॅमेरे आले असतील, चार दुकानं फिरून बघू. ती म्हणाली, आधी बसा. ते म्हणाले, निदान भिंग तरी पुसून घेऊ. त्यांनी ते मऊ फडक्याने पुसलं, फार छान पुसलं, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेले.

माझी बॅटरी भरलेली आहे. खुर्ची रिकामी आहे. चष्मेवाल्यांना टिपायचं अजून राहिलं आहे.