पेडलवरची धाकटी

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघ्यांचे व्यायाम करतात. ताईने मात्र एका मासिकात जुन्या व्हिडिओ गेमवर सदर लिहायला घेतलं आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. या खेपेचा विषय होता तिचा सगळ्यात लाडका गेम: लाल गाडी, नागमोडी रस्ता, शेवटी दीपगृह. मूळचा हा गेम व्हिडिओ गेम पार्लरमधल्या भल्यामोठ्या मशीनवरचा. पुढे घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यातली मशीनच्या सगळ्यात जवळची कुठली, याचा निकाल ताई लावणार होती आणि साक्षीदार म्हणून तिने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं होतं.

धाकटीचं पडदे शिवायचं दुकान. दुकानाला कुलूप लावून ती आली खरी, पण साक्ष द्यायला नाही. तिला एकदा, एकदाच का होईना, स्टिअरिंगवर बसायचं होतं. तसं कबूल झालेलं होतं.

त्याचं असं, की लहानपणी मशीनच्या खुर्चीत बसलं की ताईचे पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. मग ताई वर स्टिअरिंग धरायची आणि धाकटी खाली रबराच्या चटईवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी पेडल दाबायची. वरून "दाब", "सोड" असे हुकूम सुटायचे. मशीनला चारी बाजूंनी केबिन होती, त्यामुळे दुसरे खेळत असताना बाहेरून काही दिसायचं नाही. "पुढचा डाव तुझा," असं ताई दर वेळी म्हणायची. तो पुढचा डाव येईपर्यंत पार्लरच्या जागी चपलांचं दुकान आलं. गल्लीभर नाव झालं ते ताईचं. धाकटीच्या वाट्याला आले काळे पडलेले गुडघे. पुढे शिलाई मशीनचं पेडल दाबूनच तिने संसार उभा केला, हे आपलं जाता जाता सांगितलं.

ताईने पहिली, सगळ्यात जुनी आवृत्ती लावली. झाडं उलट्या खराट्यांसारखी, रस्ता झटके देत पुढे सरकणारा. ताईने नाक मुरडलं. दुसरीत झाडं बरी होती, पण आभाळ जांभळट होतं आणि ताईला ते मुळीच खपलं नाही. तिसरी अगदी नवी, चकाचक. तिच्यासाठी ताईने स्टिअरिंग आणि पेडलसुद्धा आणलं होतं. स्टिअरिंग टेबलाला अडकवलेलं, पेडल खाली जमिनीवर. या आवृत्तीत गाडीच्या टपावर ढगांचं प्रतिबिंबसुद्धा दिसत होतं. तिन्ही वेळा खेळली ताईच. धाकटी मागे सोफ्यावर, ताईच्या पाठीने अर्धा टीव्ही झाकलेला, आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसली. मागायचीही चोरी, कारण पन्नाशी उलटलेल्या बाईने "मला दे ना" म्हणायचं तरी कसं.

"मग? तिसरीच ना?" ताईने विचारलं.

"पहिली," धाकटी म्हणाली.

"काहीतरीच काय. ती खराट्यांची?"

"झाडांचं मला काय माहीत. पण पहिलीत वळण यायच्या जरा आधी टायर किंचाळतात. मशीनवर तसंच व्हायचं. तू 'सोड' म्हणायच्या आत मी हात उचललेला असायचा. या नव्या गेममध्ये गाडी वळून गेल्यावर टायर वाजतात. त्याचा काय उपयोग?"

ताईला हे काही पटेना. "अगं, पण पहिलीत समुद्र कुठाय? नुसती निळी पट्टी. आपल्या मशीनवरचा समुद्र आठव जरा."

"समुद्र होता?" धाकटीने विचारलं.

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ताई सगळ्यांना "आम्ही दोघी खेळायचो" म्हणून सांगत आली होती आणि दोघींपैकी एकीने तो गेम पाहिलाच नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खुर्चीवरून उठली.

"बस इथे."

धाकटी इतक्या चटकन बसली की तिचं तिलाच हसू आलं. ताई मात्र टेबलाचा आधार घेत, कण्हत कुंथत खाली बसली आणि तिने पेडलवर दोन्ही हात ठेवले.

"हे काय करतेस? माझे पाय पोचतात."

"पोचत नाहीत असं समज," टेबलाखालून आवाज आला. "तू सांग. मी दाबते."

धाकटीने सांगितलं आणि गाडी सुटली. दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळायला लागली. टेकडी चढून गाडी वर आली आणि डाव्या हाताला एकदम सगळं निळं झालं. धाकटीचे डोळे भरून आले. त्या नादात "सोड" म्हणायचं राहून गेलं आणि गाडी कठड्यावर आपटून कोलांट्या खात गेली.

"टायर वाजलेच नाहीत," खालून तक्रार आली.

"सांगत होते ना मी. उशिरा वाजतात."

"पण झालं काय? मला इथून काहीच दिसत नाहीये गं."

"समुद्र आहे," धाकटी म्हणाली. "डाव्या हाताला. पार टोकापर्यंत आहे." तिने डोळे पुसले आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. "दाब आता."