अम्गऱ्याचा डोंगर

मी साताऱ्याचा, एवढ्या एका कारणावरून कुवेतमध्ये मला डोंगरांचा जाणकार ठरवण्यात आलं. साल १९८४. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचो आणि डोंगराशी माझा संबंध शाळेच्या सहलीपुरता. त्यातही अजिंक्यताऱ्यावर माकडानं डबा पळवला म्हणून मी अर्ध्यातूनच खाली आलो होतो. हे मी गफूरला प्रामाणिकपणे सांगितलं.

तो म्हणाला, "अर्ध्यापर्यंत तरी गेलास. इथं तेवढंपण कोण गेलेला नाय."

गफूर दापोलीकडचा, माझा रूममेट. शुवैखमध्ये अबू नासिर यांचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं, तिथं तो कामाला. अबू नासिर त्याचे कफील, म्हणजे ज्यांच्या सहीवर तो या देशात उभा होता ते. गफूरची बायको सफिया गावी होती. तिला आणायचं तर फॅमिली व्हिसाच्या कागदावर अबू नासिर यांची सही हवी. ते नाही म्हणत नव्हते. तुर्कस्तानच्या डोंगरातून रानबकरा मारून आलो की खुशीत सही करतो, असं त्यांचं म्हणणं. बकरा मिळाला नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची गफूरची हिंमत नव्हती.

"म्हणजे सफियाचा व्हिसा बकऱ्याच्या हातात," मी म्हटलं.

"बकऱ्याला हात नसतात. म्हणून तर रायफल नीट पायजे."

रायफल कोणती घ्यायची हे अबू नासिर यांच्या दिवाणियात ठरणार होतं. दिवाणिया म्हणजे घराबाहेरची बैठक. तिथं पुरुषमंडळी चहा पितात आणि ज्याला जे माहीत नाही त्यावर तो बोलतो. मलाही बोलावणं आलं. अबू नासिर यांचे मेहुणे अबू जासिम यांनी नुकतीच थ्री-हंड्रेड मॅग्नम घेतली होती. तिचं वजन, तिचा आवाज, तिची दुर्बीण, सगळंच मोठं. डोंगरात लांबून मारावं लागतं, तेव्हा हीच, असं ते सगळ्यांना सांगत होते. अबू नासिरना मग तीच हवी होती, किंवा जमल्यास तिच्याहून एक नंबर मोठी.

गफूर प्रत्येक वाक्याला "इन्शाल्ला" म्हणत होता. खोलीवर मात्र त्यानं मला वेगळंच सांगितलं होतं. म्हाताऱ्याला टू-सेव्हंटी बरी. हलकी, धक्का कमी, आणि बकऱ्याला तेवढी पुरते. मॅग्नमचा धक्का बसला की माणूस पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. हे कफीलला कोण सांगणार?

अबू नासिर तरुणपणी मुंबईला खजूर विकायला होते, त्यामुळे त्यांचं हिंदी भेंडीबाजारचं. ते माझ्याकडे वळले. "तुम पहाड़वाला आदमी. बोलो."

गफूरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू सफिया विमानात बसलीय आणि विमान मी चालवतोय.

मी म्हटलं, "बाबा, चलाने से पहले उठाके चढ़ना पड़ता है."

अबू नासिरनी चहाचा पेला खाली ठेवला. ते म्हणाले, "किधर चढ़ेगा? कुवेत में पहाड़ किधर है?"

प्रश्न रास्त होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही अम्गऱ्याला गेलो. अबू नासिर यांच्या पुतण्याचं तिथं भंगाराचं आवार होतं आणि त्यात चेपलेल्या गाड्यांचा ढीग. आजूबाजूला त्याहून उंच काहीच नव्हतं. गफूरनं दुकानातून आणलेल्या दोन्ही रायफली रिकाम्या आहेत हे दोनदा तपासलं. आधी मॅग्नम खांद्याला अडकवून अबू नासिर चढू लागले. मागून मी, तज्ज्ञ म्हणून. निम्म्या वाटेवर एका शेवरलेटच्या टपावर ते बसले आणि इथूनही नजारा चांगला दिसतो, असं म्हणाले. समोर दुसरा ढीग होता.

खाली येऊन पाणी पिऊन ते टू-सेव्हंटी घेऊन चढले आणि थेट वर गेले. वर एक बिनदाराची रुग्णवाहिका होती. तिच्यावर उभे राहून त्यांनी कंबरेवर हात ठेवले. उतरायला तयार होईनात.

"मॅग्नम अच्छा है," शेवटी ते वरूनच म्हणाले. "अबू जासिम के लिए."

गफूरनं माझा हात एवढा दाबला, की मला माझाच एक्स-रे काढावासा वाटला.

उरली काडतुसं. परवाना खिशात घालून आम्ही दुपारी वाळवंटात गेलो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला. गफूरनं कारखान्यात भरलेली तीन कंपन्यांची काडतुसं आणली होती. त्याचं म्हणणं, दर रायफलीची आवड वेगळी असते, तिलाच विचारायचं; भोकं जवळजवळ पडली की समजायचं, आवडलं. अबू नासिरना एकच खोकं पसंत होतं, सोनेरी, त्यावर शिंगं वळवलेल्या रानबकऱ्याचं चित्र. त्या काडतुसांनी पुठ्ठ्यावर जी भोकं पडली ती झाकायला एक अख्खा खुबूस लागला असता. खुबूस म्हणजे इथली ताटाएवढी रोटी. दुसऱ्याची भोकं बशीखाली मावली. तिसरं खोकं मळकट पांढरं, त्यावर नुसती अक्षरं. त्याची भोकं चहाच्या पेल्याखाली झाकली गेली.

अबू नासिरनी पांढरं खोकं उलटंपालटं केलं. "इस पर तो कुछ भी नहीं. बकरे को कैसे मालूम पड़ेगा?" त्यांनी सोनेरी खोकं काखेत मारलं. "ये लेगा."

मी गफूरकडे पाहिलं. इन्शाल्ला त्याच्या ओठापर्यंत आलेला दिसत होता. त्यानं तो गिळला.

"नहीं बाबा," तो म्हणाला.

मी आकाशाकडे पाहू लागलो. कफीलला नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि पाहिल्याचा साक्षीदारही व्हायचं नव्हतं.

"रायफल को ये पसंद है," गफूर म्हणाला. "आप को वो पसंद है. लेकिन गोली रायफल मारेगी."

अबू नासिर त्याच्याकडे पाहत राहिले. मग पुठ्ठ्याकडे. मग पुन्हा सोनेरी खोक्यावरच्या बकऱ्याकडे. गफूरनं तोवर खिशातून कात्री काढली होती. त्यानं सोनेरी खोक्यावरचा बकरा कापला आणि चिकटपट्टीनं पांढऱ्या खोक्यावर डकवला.

"अब ठीक," अबू नासिर म्हणाले.

त्याच खेपेत भरलेली दुकानात होती नव्हती तेवढी सगळी पांढरी खोकी गफूरनं बांधून दिली. प्रत्येकावर बकरा डकवायला दोन सोनेरी खोकी कमी पडली. उरलेल्या दोन पांढऱ्या खोक्यांवर मी तो पेननं काढला. माझा बकरा कुत्र्यासारखा दिसत होता. गफूर म्हणाला, ती खोकी तळाशी ठेवू.

तुर्कस्तानातून आले त्याच दिवशी अबू नासिर विमानतळावरून थेट दुकानात आले. एकच गोळी आणि बकरा आडवा, ते म्हणाले. सब नीचे, हम ऊपर. त्यांनी उभ्या उभ्या व्हिसाचा कागद मागितला, काउंटरवरच सही केली, आणि उरलेली खोकी बकऱ्यांसकट फडताळात परत ठेवायला सांगितली. कुत्र्याचं एक खोकं मात्र त्यांनी घरी नेलं. ते का, हे कुणाला कळलं नाही.

अबू जासिम यांना मी दुसऱ्या दिवशी भेटलो, एक्स-रे टेबलावर. अबू नासिर यांच्याबरोबर तुर्कस्तानात मॅग्नम घेऊन चढताना ते घसरले होते आणि उजवा खांदा रायफलीखाली आला होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "श्वास रोखा." त्यांनी तो डोंगरापासूनच रोखलेला दिसत होता.

बाहेर बाकावर त्यांचा स्वयंपाकी नूरुद्दीन बसला होता, श्रीवर्धनचा. त्याच्या हातात पिवळं पाकीट होतं.

"किती दिवस प्लॅस्टर?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर सांगतील. महिनाभर तरी."

"उजवाच ना?"

"उजवाच."

त्यानं पाकिटातून व्हिसाचा कागद अर्धा बाहेर काढला, सहीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि परत आत सारला. बायकोच्या नावाच्या जागी रबिया लिहिलं होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुम्ही साताऱ्याचे ना? मग पुढल्या बारीला आमच्या साहेबांनापण अम्गऱ्याला न्या."