दुसरी हाक

मेडशीच्या आमच्या घरात, तुरीच्या पोत्यांशेजारी, दोन प्रोसेसरचा एक जुना सर्व्हर आहे. सुरू केला की मळणीयंत्रासारखा घोंघावतो आणि एका ओळीवर येऊन थबकतो: "दुसरा प्रोसेसर: प्रतिसाद नाही." आठवडाभर मी ही ओळ बघतेय. नवऱ्याचं तोंडसुद्धा इतकं निरखून कधी बघितलं नाही.

आमची ऑपरेटिंग सिस्टीम छोटी, फुकट वाटली जाणारी, हौशी लोकांनी मिळून चालवलेली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, अशा जुन्या, जास्त प्रोसेसरच्या यंत्रांवर चालता ठेवणं माझ्याकडे. हे कोणी शिकवलं नाही. चुकत, लोकांची बोलणी खात शिकले. नव्या आवृत्तीत नेमका हाच भाग बिघडला. सगळ्या कामाचा मुख्य, अकोल्याचा गोविंदसिंग, म्हणाला, "ताई, शनिवारपर्यंत जमलं त ठीक. नाही त जुन्या यंत्रायचा भागच काढून टाकतो."

तो भाग म्हणजे माझी एवढ्या वर्षांची मेहनत. आणि आज शनिवार.

बरं, बिघाडही सरळ नाही. यंत्र बंद करून सुरू केलं की दुसरा प्रोसेसर उठत नाही. नुसतं रिस्टार्ट केलं की गुमान उठतो. सकाळी गोविंदसिंगला व्हिडिओ कॉलवर दाखवायला गेले, तर घाईत रिस्टार्टच केलं.

"चालू तर हाये न, ताई!"

"आता हाये. मघाशी नव्हतं."

"माह्यावाल्या मशीनवर त दरवेळी चालते. तुमचीच आळशी असन."

फोन ठेवला. कुलपं तपासली, म्हणजे दोन प्रोसेसरांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात घालू नये म्हणून कोडमध्ये घालतात ती. मेमरी तपासली. प्लग बदलले. दुसरा ढिम्म.

तेवढ्यात खिडकीतून दिसलं, अंगणात सासूबाईंच्या पुढ्यातल्या सुपात कोंबडी शिरली होती.

"आत्याबाई!"

रंगूबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, खिडकीपासून हाताच्या अंतरावर बसलेल्या. हलल्या नाहीत.

"आत्याबाई! कोंबडी!"

"काय वं?"

"पयल्या हाकेले काहून ओ देत नाही तुमी?"

"एका हाकेले ओ देऊ नाही. हाकामारी एकच डाव हाक मारते. माणूस असलं त दुसऱ्या खेपेले मारतेच."

"भरदुपारी भूत? हाकामारी त रात्री येते न!"

"तिले का घड्याळ समजते?"

कोंबडी निम्मी डाळ खाऊन गेली. मी पुटपुटत यंत्राकडे वळले. या घरात कोणी एका हाकेत उठत नाही. नवरा नाही, सासू नाही, हा प्रोसेसरही नाही.

आणि मग बसल्या जागी थांबले.

पहिला प्रोसेसर दुसऱ्याला उठवायला एक इशारा पाठवतो, हाकच ती. तो कोड मी कितीदा वाचला होता. हाक गेलेली दिसायची, म्हणून मी पुढे जाऊन न उठणाऱ्यालाच दोष देत होते. हाका किती मारल्या, हे मोजलंच नव्हतं. जुनी आवृत्ती उघडली. तिथे दोन होत्या, मध्ये जराशी उसंत. नव्या आवृत्तीत एक. रिस्टार्टला दुसरा अर्धवट जागाच असायचा, म्हणून एकीवर भागायचं; पुरतं बंद केल्यावर तो गाढ झोपलेला, त्याला एक पुरत नव्हती.

फोन लावला. "गोविंदसिंग, दुसरी हाक कोनं काढली?"

"कायले पाहिजे दुसरी? पयल्या हाकेत उठतात सारे. उगा वेळ खाते."

"सारे म्हणजे तुमच्यावाले."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"ताई... म्याच काढली असन."

"काढली असन नाही. काढली."

मी दुसरी हाक परत घातली. आता यंत्र पुरतं बंद करून बघायचं, एवढ्यात लाइट गेली. एरवी मी वीजवाल्यांचा उद्धार केला असता. आज यंत्र आपसूक पुरतं बंद झालं होतं, म्हणून पोत्यावर बसून राहिले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा लाइट आली आणि यंत्र आपोआप घोंघावलं. मी पदराचं टोक मुठीत धरून बघत राहिले.

"दुसरा प्रोसेसर: हजर."

गोविंदसिंगचा निरोप आला: "भाग ठेवतो. पण कारण लिहून ठेवा कोडमध्ये, नाही त मीच पुन्हा काढीन." त्याचं हे मात्र खरं होतं. मी लिहिलं: "काही जण पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरी काढू नये."

"वैजयंते!" अंगणातून हाक आली.

मी जागची हलले नाही.

"वैजयंते! बहिरी झाली काय वं? चहा?"

"माणूसच हाये का, थे पाहत होती, आत्याबाई," म्हटलं, आणि उठले.