रिकाम्या टाकीवरचे सत्तर अंश

मित्रांनो, टाकी रिकामी होती. धुऊन, पुसून ठेवलेली. तरीही मी सत्तर अंश सांगत होतो. यंत्रं तपासणाऱ्या लिओनार्डने पडद्यावरचा आकडा पाहिला आणि टाकीत डोकावला. त्या दिवशी माझं खोटं उघडं पडलं.

मी भांडुपच्या एका सरबताच्या कारखान्यातला जुना ट्रान्समीटर आहे. पाकाचं तापमान मोजायचं आणि पडद्यावर पाठवायचं, एवढंच माझं काम. मला घडवलं तेव्हा बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मग उकळत्या पाण्यात. दोन्ही वेळा मी खरं बोललो. दरवर्षी लिओनार्ड तशीच माझी परीक्षा घ्यायचा. मालक पाहुण्यांना सांगायचे, "माणूस चुकेल, हा नाही चुकणार." मला ते आवडायचं. आता आठवलं की लाज वाटते.

यंदा परीक्षेनंतर लिओनार्डने एक बटण दाबून मला सत्तरवर अडकवून ठेवलं; आता टोकाला काहीही लागलं तरी मी सत्तरच सांगणार. पडद्यावर सत्तरच दिसतात का, हे त्याला बघायचं होतं. दिसले. तेवढ्यात पंप बंद पडल्याची हाक आली. 'तपासले' अशी चिठ्ठी मला चिकटवून तो धावला. मला सोडायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी टाकीत नवा पाक आला आणि थंड होत गेला. माझे सत्तर बघून, पाक गरम ठेवणारी वाफेची झडप बंदच राहिली. टाकीवर रेवती कामाला होती. तिने हात लावून पाहिला.

"सुबोधदादा, टाकी गार लागतेय. हा आकडा हलत पण नाहीये."

सुपरवायझर सुबोध हसला. "तुझा हात कॅलिब्रेट केलाय का गं? ह्याच्यावर चिठ्ठी आहे बघ, कालचीच."

सगळे हसले. माझ्या टोकाला एक्केचाळीस लागत होते. तोंडातून सत्तरच निघत होते.

संध्याकाळपर्यंत गार पाकात साखरेचे खडे धरले. टाकीभर माल फुकट गेला. आकडा तर बरोबर होता, म्हणजे रेवतीचंच साखरेचं माप चुकलं, असं कागदावर लिहिलं गेलं. तिला कामावरून काढलं.

आठव्या दिवशी, त्या रिकाम्या टाकीवर, लिओनार्डने एक बटण दाबलं. मी सत्तरवरून एकोणतीसवर आलो.

"वाट लागली रे," तो म्हणाला. "ती खरं बोलत होती."

"हळू बोल," सुबोध म्हणाला. "आधी ऑडिट होऊ दे. मग बघू."

मित्रांनो, आम्हाला वेळेवर तपासा. पण टाकीला हात लावून बघणाऱ्याचंही ऐका.

ऑडिट होऊन दोन महिने झाले. मी आता बरोबर आकडा सांगतो. रेवतीचा तो कागद फाइलमध्ये तसाच आहे. तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.