बाईंचा नवा गुडघा

बाई शाळेत व्यायाम शिकवायच्या. तीस वर्षं मुलींना उठाबशा काढायला लावल्या. पोट दुखतंय, चक्कर येतेय, असली कारणं त्यांच्यापुढे चालायची नाहीत. नवा गुडघा बसवल्यावर मात्र बाई स्वतः पाय लांब करून बसल्या, त्या हलायलाच तयार नव्हत्या.

व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. ती आली की बाईंचं पोट दुखायचं. पोट बरं असलं तर चक्कर. पाय वाकवायचे आकडे त्या स्वतः मोजत आणि पाचावरून थेट आठावर जात. चोरी पकडली गेली, तेव्हा हळूच म्हणाल्या, "वाकवला आणि आत काही निखळलं तर?"

मुलीनं समजावलं, की दुखेल जरूर, निखळणार नाही. नुसता ठेवला तर मात्र आखडेल. बाईंना पटलं. पायाला पटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाईंचे यजमान बाथरूममध्ये गेले आणि आतली कडी अडकली. घरात दोघंच. त्यांनी आतून स्क्रू-ड्रायव्हर मागितला. बाई वॉकर धरून, देवाचं नाव घेत, स्वयंपाकघरात गेल्या, खणातून तो काढला आणि दारापाशी आल्या. फट होती फक्त दाराखाली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली टाकून वॉकरच्या पायानं ढकलून पाहिला. तो भलतीकडेच गेला.

"खुर्ची घे, बस आणि गुडघा वाकव," आतून सल्ला आला.

"तुम्ही मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. पण खुर्ची ओढली, बसल्या, पाय मागे घेतला आणि खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हर फटीत सरकवताना अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. तोवर तो आत पोचला होता.

यजमान घामाघूम होऊन बाहेर आले. शेजारणीनं आधी त्यांनाच धरून बसवलं, पाणी दिलं. बाई आपल्या पायाकडे बघत होत्या. तो अजून वाकलेलाच होता आणि जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकही आकडा गाळला नाही. ओरडल्या मात्र प्रत्येक आकड्याला.

महिन्याभरानं त्या काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत निघाल्या. यजमान पिशवी घेऊन मागून रमतगमत येत होते. बाई थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "पाय उचला जरा."