रोसोलिनोचे नाक आणि मोन्सेफचा गुन्हा

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, सिसिलीतल्या माझारा बंदरात मी बांधलेली असते. माझ्या निळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण पाणी मी अजून आत येऊ देत नाही.

ट्युनिशियाहून आलेला मोन्सेफ माझा मालक. इथला रोसोलिनो त्याचा भागीदार. एकदा फाटक्या जाळ्यावरून दोघांची जुंपली आणि मोन्सेफच्या ठोशाने रोसोलिनोचे नाक मोडले. रक्त माझ्याच फळ्यांवर सांडले. मोन्सेफला सहा महिन्यांची कैद झाली. तो सुटून आला, तेव्हा धक्क्यावर रोसोलिनोच उभा होता. "चल गाढवा, मासे काय तुझी वाट बघत थांबणारेत?" एवढेच तो म्हणाला. मला वाटले, संपले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मोन्सेफने नागरिकत्व मागितले. त्याची मुलगी रीम चार वर्षांची असताना इथे आली होती. ती अठराची होण्याआधी बाप इथला झाला, तर तीही आपोआप इथली होणार होती. पण नावावर गुन्हा आहे म्हणून अर्ज फेटाळला गेला.

मोन्सेफच्या वकीलबाई धक्क्यावर आल्या, तेव्हा रोसोलिनो त्यांच्यावरच उखडला. "नाक माझं, माफ केलं मी! मग सरकारला कुठे दुखतंय?"

"काका, तुम्ही माफ केलंत, कायद्याने नाही. कोर्टाकडून आधी गुन्हा पुसून घ्यायचा, मग नवा अर्ज."

"मग मी तुरुंगात कशाला बसलो होतो?" मोन्सेफने विचारले. बाईंनी कोर्टाच्या अर्जाचा कागद सहीसाठी पुढे केला. मलाही काही कळेना.

रोसोलिनो लग्नातला कोट घालून साक्षीला गेला. गुन्हा पुसला गेला. नागरिकत्वही मिळाले, पण तोवर रीम अठरा ओलांडून गेली होती.

शपथ घेऊन मोन्सेफ आला, तेव्हा ती माझ्या काठावर बसली होती. "बाबा, तुम्ही इथले झालात. मी परकीच राहिले. मी कुणाला मारलं होतं?"

रोसोलिनोने वाकडे नाक चोळले. "पोरी, चूक या नाकाची. मधे कडमडलं."

ती हसली आणि हसता हसता रडू लागली.

मित्रांनो, मला रंग द्या, डांबर लावा, जमेल तेव्हा लावा. पण आधी एवढे समजावून सांगा: माणसाची शिक्षा संपते, ती नेमकी कधी?